चेहरेही स्पष्ट, स्तूपही स्पष्ट: डेप्थ ऑफ फील्ड आणि एक्स्पोजरचं गणित कसं मांडतात?

दसऱ्याच्या दिवशी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा नसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विदर्भ, मराठवाडा आणि त्यापलीकडूनही लोक येतात, पुस्तकं विकत घेतात, रात्रीच्या गाडीने परततात. परतण्याआधी एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक कुटुंब करतं. स्तूप मागे घेऊन सगळ्यांचा एक फोटो.

घरी जाऊन तो फोटो मोठा करून पाहिला की तीनपैकी एक घोटाळा हमखास सापडतो. चेहरे स्पष्ट आहेत, पण मागचा स्तूप धुरकट पांढरा डाग झालाय. किंवा स्तूप रेखीव आहे, पण आजीचा चेहरा पुसट आहे. किंवा संध्याकाळचा फोटो असेल तर सगळंच हललंय. फोटो पुन्हा काढायचा म्हटलं तर वर्षभर थांबावं लागतं, आणि पुढच्या वर्षी तेच आठ जण एकत्र असतील याची खात्री कुणी देत नाही.

यातले पहिले दोन घोटाळे डेप्थ ऑफ फील्डचे आहेत, तिसरा एक्स्पोजरचा. बहुतेक ठिकाणी हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात आणि तिथेच गल्लत होते. दोघांच्या मधे एकच दार आहे, ते म्हणजे अॅपर्चर. ते लहान-मोठं केलं की खोलीही बदलते आणि प्रकाशही. म्हणून हिशेबाचा क्रम महत्त्वाचा. स्थिर विषय असेल तर आधी किती खोली हवी ते ठरवायचं, आणि मग तेवढ्या खोलीसाठी प्रकाश कुठून आणायचा ते पाहायचं.

खोली म्हणजे नेमकं काय?

लेन्स एका वेळी एकाच अंतरावर अचूक फोकस करते. ४ मीटरवर फोकस केला तर ४ मीटरवरचा बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणूनच उमटतो. त्याच्या पुढचे आणि मागचे बिंदू मात्र छोट्या गोल ठिपक्यासारखे पसरतात. हा ठिपका पुरेसा लहान असेल तर डोळ्याला तो बिंदूच वाटतो. ज्या पट्ट्यात ठिपके एवढे लहान राहतात, तो पट्टा म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड.

‘पुरेसा लहान’ म्हणजे किती? ३६ बाय २४ मिमीच्या फुल फ्रेम सेन्सरसाठी ०.०३ मिमी हा आकडा रूढ आहे. तो आभाळातून पडलेला नाही. साधारण २५ सेंमी रुंद फोटो हातात धरून पाहिला, तर ०.२ मिमीपेक्षा लहान ठिपका बहुतेकांना सहज ओळखू येत नाही. ३६ मिमीचा २५ सेंमी करायला सातपट मोठं करावं लागतं. ०.२ भागिले ७, म्हणजे जवळपास ०.०३. एपीएस-सी सेन्सर लहान असतो, त्यामुळे त्याच्यासाठी ०.०२ धरतात.

याचा एक गमतीशीर अर्थ निघतो. खोली फक्त कॅमेऱ्यात नसते, पाहणाऱ्यातही असते. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर स्पष्ट दिसेल आणि संगणकावर पूर्ण झूम केला की पुसट. चौकातला भलामोठा फ्लेक्स रस्त्यापलीकडून झकास दिसतो, जवळ गेलं की नुसते ठिपके. तेव्हा ‘फोटो शार्प आहे का’ या प्रश्नाला ‘कुठे पाहणार’ हा उलट प्रश्न विचारणं रास्त आहे.

एकच सूत्र लक्षात ठेवायचं असेल तर

खोलीचं गणित सांगणारी अॅप डझनभर आहेत. पण त्यांच्या पोटात एकच कल्पना आहे, हायपरफोकल अंतर. या अंतरावर फोकस केला तर त्याच्या निम्म्या अंतरापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्वीकारण्याइतकं स्पष्ट येतं. ते काढायला फोकल लेंग्थ, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये घ्यायची. तिचा वर्ग करायचा. त्याला एफ नंबर आणि ०.०३ यांच्या गुणाकाराने भागायचं. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. शेवटी त्यात फोकल लेंग्थ मिळवायची असते, पण ती इतकी किरकोळ असते की विसरली तरी चालते.

२४ मिमीची लेन्स, एफ/८. चोवीसचा वर्ग ५७६. आठ गुणिले ०.०३ म्हणजे ०.२४. भागाकार २,४००. म्हणजे २.४ मीटर. तिथे फोकस केला तर १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पदरात पडतं.

आता हेच दीक्षाभूमीवर लावू. स्तूप सुमारे १२० फूट, म्हणजे साडेछत्तीस मीटर उंच आहे. २४ मिमीच्या लेन्सने तो अख्खा फ्रेममध्ये घ्यायचा तर ६० मीटरच्या आसपास मागे यावं लागतं आणि कॅमेरा थोडा वर झुकवावा लागतो. कुटुंब मात्र कॅमेऱ्यापासून ४ मीटरवर उभं करायचं. त्या अंतरावर फ्रेमची रुंदी ६ मीटर भरते, आठ माणसं ऐसपैस मावतात. दिवसाउजेडी एफ/८ ठेवून चेहऱ्यांवर, म्हणजे ४ मीटरवर फोकस केला की काम झालं. ४ मीटर हे २.४ पेक्षा जास्त असल्यामुळे मागची मर्यादा अनंतापर्यंत जाते. स्तूप आपोआप स्पष्ट.

हीच माणसं, हेच अंतर, हाच एफ/८, पण लेन्स ५० मिमीची लावली तर? हायपरफोकल अंतर एकदम साडेदहा मीटरवर जातं. फोकल लेंग्थचा वर्ग होतो, म्हणून ती दुप्पट झाली की हे अंतर चौपट होतं. ४ मीटरवर फोकस केल्यावर साधारण २.९ ते ६.५ मीटर एवढाच पट्टा स्पष्ट राहतो आणि ६० मीटरवरचा स्तूप त्याच्या बाहेर पडतो. पुढची-मागची मर्यादा काढायची रीतही सोपी आहे. हायपरफोकल अंतर आणि फोकसचं अंतर यांचा गुणाकार करायचा. त्याला दोघांच्या बेरजेने भागलं की जवळची मर्यादा मिळते, वजाबाकीने भागलं की दूरची. इथे १०.५ गुणिले ४ म्हणजे ४२. त्याला १४.५ ने भागलं की २.९, साडेसहाने भागलं की ६.५.

लग्नात मिरवणारी ८५ मिमी, एफ/१.८ ची लेन्स २ मीटरवरून वापरली तर एकूण खोली फक्त ६ सेंमीच्या आसपास उरते. नवरीचा डोळा स्पष्ट, कानातला झुमका पुसट. एका चेहऱ्यासाठी हे सुंदर दिसतं. दोन रांगांच्या ग्रुप फोटोत मात्र मागची रांग रुसून बसते, आणि ती रांग सहसा सासरची असते.

मग एफ/२२ वरच ठेवून मोकळं का होऊ नये? कारण छिद्र फार बारीक झालं की प्रकाश त्याच्या कडेवरून वाकतो आणि प्रत्येक बिंदू पुन्हा पसरतो. एफ/२२ ला हा पसारा जवळपास ०.०३ मिमी भरतो, म्हणजे जेवढी चूक चालवून घ्यायची ठरवली होती तेवढी एकट्या छिद्रानेच केली. पुढे-मागे सगळं सारखं दिसतं, पण सगळंच थोडं मऊ. फुल फ्रेमवर एफ/८ ते एफ/११ च्या पलीकडे क्वचितच जावं लागतं.

प्रकाशाचा हिशेब: दुप्पट आणि निम्मे

एक्स्पोजरचं गणित त्यामानाने पोरखेळ आहे, कारण त्यात फक्त दुप्पट आणि निम्मे असतं. या प्रत्येक पायरीला स्टॉप म्हणतात. शटर १/५०० वरून १/२५० केलं की प्रकाश दुप्पट. आयएसओ १०० चा २०० केला की फोटोचा उजळपणा दुप्पट. अॅपर्चरचे आकडे तेवढे विचित्र दिसतात: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. इथे प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. छिद्राचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं, म्हणून आकडे दोनाच्या वर्गमुळाने, १.४ च्या पटीत वाढतात.

सुरुवात कुठून करायची यासाठी जुन्या फिल्मच्या काळातला एक नियम अजून उपयोगी आहे. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं ठेवा. आयएसओ १०० ला साधारण १/१२५. एफ/१६ वरून एफ/८ वर आलं की दोन स्टॉप प्रकाश वाढला, म्हणून शटर दोन स्टॉप वेगवान, १/५००. ऑक्टोबरच्या नागपुरी उन्हात दुपारी आयएसओ १००, एफ/८, १/५०० हे आकडे डोळे मिटून लावले तरी फोटो बिघडत नाही.

प्रकाशाच्या या पातळीला ईव्ही १५ म्हणतात. ईव्ही एकने उतरला की प्रकाश निम्मा. कॅमेऱ्यांच्या पुस्तकांत ईव्हीचे लांबलचक तक्ते असतात. पाठ करायला तीन पुरे: लख्ख ऊन १५, सूर्य टेकतानाचा उजेड ८ च्या आसपास, रात्री दिव्यांनी उजळलेली इमारत साधारण ४.

खरी परीक्षा संध्याकाळी

दिवे लागल्यावरचा स्तूप सगळ्यांना हवा असतो. ईव्ही ४ ला आयएसओ १०० आणि एफ/८ वर शटर पडतं ४ सेकंदांचं. गर्दीत ट्रायपॉड कुणी लावू देणार नाही, आणि कडेवरचं पोर ४ सेकंद स्थिर राहील ही आशाच व्यर्थ. आयएसओ ३२०० केला तर पाच स्टॉप मिळतात, शटर १/८ वर येतं. माणसांच्या फोटोला तेही अपुरंच. निदान १/६० तरी हवं. म्हणजे अजून तीन स्टॉप हवेत, आणि ते आता फक्त अॅपर्चरकडे आहेत. एफ/८ वरून एफ/२.८. शटर १/६० झालं.

आता किंमत मोजायची वेळ. २४ मिमी, एफ/२.८ ला हायपरफोकल अंतर २.४ वरून ६.९ मीटरवर जातं. चेहऱ्यांवर ४ मीटरला फोकस केला तर स्पष्ट पट्टा २.५ ते साडेनऊ मीटर. स्तूप बाहेर. पण फोकस ६.९ मीटरवर नेला, म्हणजे माणसांच्या जवळपास तीन मीटर मागे, तर पट्टा ३.४ मीटरपासून अनंतापर्यंत होतो. कुटुंबही आत, स्तूपही आत. ज्या जागी कुणीच उभं नाही तिथे फोकस करायचा हे ऐकायला उफराटं वाटतं, पण गणित बरोबर आहे.

बरोबर असलं तरी ते शहाणपणाचं आहेच असं नाही. ६.९ वर फोकस केल्यावर चेहऱ्यांवरचा ठिपका ०.०२२ मिमी होतो आणि स्तूपाचा ०.०२७. दोन्ही पास, पण दोन्ही काठावर. फोटो पाहणारा सर्वात आधी डोळे पाहतो, घुमट नंतर. म्हणून फोकस ५ मीटरवर घेणं जास्त चांगलं. तिथे चेहऱ्यांवरचा ठिपका ०.०१ वर येतो, म्हणजे चेहरे ठणठणीत स्पष्ट, आणि स्तूपाचा ०.०३८, म्हणजे मर्यादेच्या थोडासा बाहेर. फोनच्या पडद्यावर ३६ मिमीचं चित्र साधारण दुप्पटच होतं, त्यामुळे एवढी चूक डोळ्याला दिसतही नाही. भिंतीवर मोठी फ्रेम लावायची असेल तर मात्र विचार करावा लागेल.

५ मीटरवर फोकस करायचा कसा? कुटुंबाच्या एक मीटर मागे घरच्याच एखाद्याला उभं करून त्याच्यावर फोकस धरायचा, कॅमेरा मॅन्युअल फोकसवर टाकायचा आणि मग त्याला रांगेत बोलवायचं. जुन्या लेन्सच्या नळीवर खोलीच्या खुणा कोरलेल्या असत, तेव्हा ही कसरत लागत नसे. नव्या लेन्समधून त्या बहुतेक गायब झाल्या, त्याबद्दल कंपन्यांवर थोडं रुसायला हरकत नाही.

नेहमीची १८-५५ मिमीची किट लेन्स असलेल्यांनी निराश होण्याचं कारण नाही. एपीएस-सी सेन्सरवर १८ मिमी, एफ/३.५ ला हायपरफोकल अंतर ४.६ मीटर निघतं. माणसं ४ मीटरवर असतील तर फोकस ४.६ वर ठेवला की २.३ मीटरपासून पुढचं सगळं मिळतं. शटर फक्त १/४० पर्यंत खाली येतं, तेवढ्यासाठी कोपर अंगाशी धरून श्वास रोखायचा आणि चार-पाच फोटो सलग घ्यायचे.

या सगळ्या ओढाताणीतून सुटायचा एक मार्ग आहे, तो म्हणजे घड्याळ. ऑक्टोबरच्या मध्यात नागपुरात सूर्य पावणेसहा-सहाच्या दरम्यान मावळतो. तेव्हा ईव्ही ८ च्या आसपास असतो. एफ/५.६, आयएसओ १६००, शटर १/१२५. हायपरफोकल अंतर साडेतीन मीटर, म्हणजे ४ मीटरवरच्या चेहऱ्यांवर सरळ फोकस करा, स्तूप आपोआप आत. त्यानंतर तीन-चार मिनिटांना एक स्टॉप या वेगाने उजेड ओसरतो. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश लवकर आटपतो. ‘दिवे लागू देत, मग काढू’ म्हणत वीस मिनिटं थांबलं की सहा-सात स्टॉप हातचे गेले. चेहरे त्यातूनही काळेच आले तर दुसऱ्या फोनचा टॉर्च, समोर रुमाल धरून, चेहऱ्यांवर टाकायचा. स्वस्त आणि मस्त.

फोनने काढला तर?

फोनच्या पत्रकावर एफ/१.८ लिहिलेलं असतं, म्हणून खोली कमी असेल असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. फोनची खरी फोकल लेंग्थ जेमतेम ५-७ मिमी असते आणि सूत्रात तिचाच वर्ग होतो. सेन्सर लहान असल्याने ठिपकाही लहान धरावा लागतो, तरीही ६ मिमी, एफ/१.८ आणि ०.००७ मिमी घेतल्यास हायपरफोकल अंतर २.९ मीटरच येतं. ४ मीटरवरच्या माणसावर बोट टेकवलं की स्तूप स्पष्ट. या एका फोटोसाठी साधा फोन महागड्या कॅमेऱ्यापेक्षा बिनघोर.

अट एकच: पोर्ट्रेट मोड बंद ठेवायचा. तो मोड मागचं सगळं गणकाने पुसतो, आणि ज्याच्यासाठी एवढ्या लांबून आलो तो स्तूपच पुसला जातो. रात्री मात्र फोनला प्रकाश कमी पडतो. नाइट मोड अनेक फ्रेम एकावर एक रचून तो भरून काढतो, त्यामुळे ‘झालं’ म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही.

मीटर कुठे फसतो?

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे असं समजून चालतो. फ्रेमभर पांढरा स्तूप दिसला की तो त्याला करडा करायला जातो आणि फोटो मळकट येतो. उन्हात एफ/८ ला मीटर १/१००० म्हणत असेल आणि वरचा उन्हाचा नियम १/५००, तर नियमावर विश्वास ठेवावा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक केलं की तेच होतं. फोनवर बोट टेकवून सूर्याची खूण वर सरकवायची.

हा धडा नागपूरकरांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकाच सकाळी दोन्ही बाजूंनी शिकता येतो. इतवारी-महालच्या भागातून काळी आणि पिवळी, अशा दोन मारबती निघतात. काळी मारबत फ्रेमभर आली की मीटर तिला उजळवून राखाडी करतो, तिथे उणे एक हवं. पिवळीला तो काळवंडतो, तिथे अधिक पाऊण. शिवाय मिरवणूक हलती आणि गर्दी रेटणारी, त्यामुळे हिशेबाचा क्रम इथे बदलतो. आधी शटर, किमान १/५००, आणि मग उरलेल्या प्रकाशात जेवढी खोली मिळेल तेवढी. उन्हात एफ/८ सहज मिळतं. अरुंद गल्लीच्या सावलीत ईव्ही १२ झाला तर आयएसओ ८०० करून तोच एफ/८ राखता येतो.

क्रम उलटा होण्याचं टोकाचं उदाहरण नागपूरहून दोन तासांच्या आतच आहे. पेंचच्या जंगलात पहाटेच्या सफारीला सावलीत ईव्ही ९ मिळाला तरी नशीब. ४०० मिमीची लेन्स एफ/५.६ ला पूर्ण उघडली तरी आयएसओ १०० वर शटर १/१६ येतं. चालता वाघ १/५०० मागतो, म्हणजे पाच स्टॉप, म्हणजे आयएसओ ३२००. अॅपर्चरकडे मागायला काही उरलेलंच नाही. २० मीटरवर खोली मिळते ८४ सेंमी, आणि शेपटीसकट वाघ तीन मीटरच्या घरात. तो आडवा चालत असेल तर अख्खा स्पष्ट येतो. समोरून अंगावर येत असेल तर डोळे स्पष्ट आणि पाठीमागचे पट्टे विरघळलेले. एफ/८ केलं तर खोली १.२ मीटर होते आणि आयएसओ ६४०० वर जातो, फोटोत दाणे उठतात. ४० मीटरवर असतानाच काढला तर खोली जवळपास चौपट, ३.४ मीटर, पण वाघ निम्म्या आकाराचा. जिप्सीत बसून हे तोंडी करायला वेळ नसतो. एफ/५.६, १/५००, आयएसओ ऑटो हे गेटवरच लावून ठेवायचं आणि फोकसचा चौकोन जवळच्या डोळ्यावर.